फंक्शनच्या आतून सुटलेल्या सबप्रोसेसला गप्प कसं करायचं

पायथनचं एक फंक्शन समजा. पावतीचा मजकूर घ्यायचा, टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची फाइल लिहायची, आत झीलाटेक (त्या फाइलीची पीडीएफ बनवणारा वेगळा प्रोग्रॅम, म्हणजेच इथला सबप्रोसेस) चालवायचं आणि तयार पीडीएफचा पत्ता परत द्यायचा, एवढंच त्याचं काम. स्क्रीनवर एक अक्षरही छापायचं त्याला कारण नाही. प्रत्यक्षात एकेका पावतीमागे टर्मिनलवर पानभर मजकूर येतो: कोणकोणती पॅकेजं उघडली, त्यांच्या फाइलींचे लांबलचक पत्ते, मधूनच ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ची (ओळ रुंदीत मावली नाही) तक्रार. दोनशे पावत्यांच्या लूपमध्ये आपण स्वतः छापलेली ‘४७ वी पावती तयार’ ही ओळ त्या ढिगात शोधूनही सापडत नाही.

बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो. काँटेक्स्टलिबमधलं रीडायरेक्ट_स्टडआउट घ्यायचं आणि फंक्शनचा कॉल त्याच्या विथ ब्लॉकमध्ये ठेवायचा. त्याने आपले प्रिंट गप्प होतात, झीलाटेकची बडबड मात्र जशीच्या तशी चालू राहते. इथेच अनेकांचा अर्धा दिवस जातो, म्हणून आधी कारण समजून घ्या. ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचत जातात.

स्टडआउट या एकाच नावाने आपण दोन वेगळ्या गोष्टी ओळखतो. एक म्हणजे सिस.स्टडआउट, पायथनच्या आतला एक ऑब्जेक्ट. प्रिंट त्याच्याकडे मजकूर देतं. रीडायरेक्ट_स्टडआउट फक्त या नावाला दुसरा ऑब्जेक्ट चिकटवतं. दुसरी गोष्ट ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवरची: प्रत्येक प्रोसेसकडे उघड्या फाइलींचा एक तक्ता असतो आणि त्यात ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट, २ म्हणजे चुकांचा मार्ग. या आकड्यांना फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. एखादी प्रोसेस दुसरी सुरू करते, म्हणजे नवीन चाइल्ड प्रोसेस जन्मते, तेव्हा तिला ०, १ आणि २ वारशाने मिळतात. सिस.स्टडआउट नावाचं काही असतं हे झीलाटेकला ठाऊकच नाही. ते १ वर लिहितं आणि १ अजून टर्मिनललाच जोडलेला आहे.

एका मिनिटात खात्री करता येते. रीडायरेक्ट_स्टडआउटच्या ब्लॉकमध्ये तीन ओळी लिहा: एक साधं प्रिंट, एक ओएस.राइट जे थेट १ वर बाइट्स लिहील, आणि एक सबप्रोसेस.रन जे एको चालवील. पहिली ओळ गायब होते, उरलेल्या दोन टर्मिनलवर दिसतात. हा प्रयोग वाचून सोडू नका, करून बघा.

एक सूचना. कोडमधली नावं इथे बोलतो तशी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टाइप करायची. सबप्रोसेसमधले डेव्हनल (लिहिलेलं सगळं टाकून देणारी, वाचायला कायम रिकामी फाइल) आणि पाइप (दोन प्रोसेसमधली मजकुराची नळी) हे कॉन्स्टंट सगळे कॅपिटल अक्षरांत, ओएस.डेव्हनल मात्र लहान अक्षरांत. स्टडआउट मात्र दोन आहेत: लहान अक्षरांतला म्हणजे आर्ग्युमेंट, कॅपिटलमधला म्हणजे कॉन्स्टंट. यांची गल्लत करू नका.

कॉल आपल्या हातात असेल तर

सबप्रोसेस चालवणारी ओळ आपणच लिहिली असेल तर काम सोपं आहे. चाइल्डला जन्मतानाच वेगळा १ आणि वेगळा २ द्यायचा:

सबप्रोसेस.रन(
  [“झीलाटेक”, “-इंटरॅक्शन=नॉनस्टॉपमोड”, “पावती.टेक”],
  स्टडइन=सबप्रोसेस.डेव्हनल,
  स्टडआउट=सबप्रोसेस.डेव्हनल,
  स्टडएरर=सबप्रोसेस.डेव्हनल)

डेव्हनल पायथन ३.३ पासून आहे, रन ३.५ पासून. जुन्या कोडमध्ये ओएस.डेव्हनल हा पत्ता हाताने उघडून ती फाइल स्टडआउटला दिलेली दिसते. ते आजही चालतं, पण फाइल बंद करायची राहून जाते, म्हणून बदलून टाका. स्टडआउट हे आर्ग्युमेंट दिलंच नाही तर त्याची किंमत नन राहते, आणि नन म्हणजे ‘काही नको’ नव्हे. नन म्हणजे ‘आईबापाचं आहे तेच घे’.

स्टडआउटला आयओ.स्ट्रिंगआयओ देऊन बघायचा मोह होतो. तिथे अनसपोर्टेड ऑपरेशन, फाइलनो अशी चूक येते. स्ट्रिंगआयओच्या मागे खरा डिस्क्रिप्टर नाही, मग चाइल्डला द्यायचं काय?

आता कोणता मार्ग बंद करायचा, हा प्रश्न. टेक आपली सगळी बडबड, चुकांसकट, १ वर करतं. व्हिडिओवर काम करणारं एफएफएमपेग बरोबर उलट. त्याचा बॅनर, प्रगती, इशारे सगळं २ वर जातं, कारण १ वरून खुद्द व्हिडिओचा डेटा बाहेर पाठवायची सोय त्याला राखून ठेवायची असते. फाइली उतरवणाऱ्या कर्लचा प्रगतीचा तक्ता आणि कोडचा साठा उतरवून घेणाऱ्या गिट क्लोनची टक्केवारीही २ वरच. म्हणून एफएफएमपेगचा फक्त स्टडआउट बंद केला तर स्क्रीनवर काहीच फरक पडत नाही आणि ‘डेव्हनल चालत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सबप्रोसेस.चेक_आउटपुटचंही तसंच आहे: ते १ पकडतं, २ मात्र टर्मिनलवर गळत राहतो. त्याला स्टडएरर वेगळा सांगावा लागतो.

वरच्या कॉलमध्ये स्टडइन का बंद केला, हे नीट पाहू, कारण आउटपुट बंद केल्यावर हमखास होणारा अपघात हाच. टेकला चूक सापडली की नेहमीच्या मोडमध्ये ते ओळ क्रमांक दाखवतं, पुढे एक प्रश्नचिन्ह छापतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. स्क्रीनवर दिसत असताना आपण एक्स दाबून बाहेर पडतो. आउटपुट डेव्हनलला गेल्यावर ते प्रश्नचिन्ह कुणालाच दिसत नाही. प्रोग्रॅम शांतपणे उभा राहतो आणि आपण तो अडकला असं समजून टाइमआउट वाढवत बसतो. स्टडइन डेव्हनलला जोडला की वाचायला गेल्यावर तिथे काहीच नसतं, टेक ‘इमर्जन्सी स्टॉप’ म्हणून थांबतं आणि फंक्शन परत येतं. एफएफएमपेगही स्टडइन वाचतं. यादीतल्या फाइली एकामागून एक त्याला देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ते यादीचीच अक्षरं खाऊन टाकतं. त्याच्यासाठी -नोस्टडइन हा पर्याय आहे. नियम साधा ठेवा: ज्याचं तोंड बंद करताय, त्याचे कानही बंद करा.

आणि डेव्हनलकडे जाण्याआधी त्या प्रोग्रॅमचा स्वतःचा गप्प राहण्याचा पर्याय बघा. एफएफएमपेगला -हाइड_बॅनर आणि -लॉगलेव्हल एरर, कर्लला -एसएस (पहिला एस लहान, दुसरा कॅपिटल: प्रगती नको, चूक मात्र सांग), गिटला --क्वाएट, पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपला -क्यू. टेकला -इंटरॅक्शन=बॅचमोड दिलं तर टर्मिनलवर जवळजवळ काहीच येत नाही आणि .लॉग फाइलीत सगळं राहतं. जोडीला -हॉल्ट-ऑन-एरर द्या, म्हणजे पहिल्याच चुकीला ते थांबेल. हा मार्ग अधिक चांगला, कारण काय महत्त्वाचं आणि काय नाही हे त्या प्रोग्रॅमला आपल्यापेक्षा नीट कळतं. डेव्हनलला सगळं सारखंच.

गप्प करा, पण चूक गिळू नका

तिन्ही मार्ग डेव्हनलला जोडलेलं फंक्शन काम नीट होतं तोवर छान असतं. नवीन सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवायचा राहिला की फॉन्ट निवडणारं फॉन्टस्पेक हे पॅकेज ‘फॉन्ट सापडत नाही’ म्हणतं, झीलाटेक शून्याऐवजी १ हा एग्झिट कोड (शून्य म्हणजे यश) देऊन संपतं, आणि आपल्या हाती फक्त ‘पीडीएफ नाही’ एवढंच येतं. म्हणून रोजच्या कामासाठी टाकून देण्यापेक्षा पकडून ठेवणं चांगलं. कॅप्चर_आउटपुट=ट्रू हे आर्ग्युमेंट ३.७ पासून मिळतं. मजकूर आपल्याकडे येतो, स्क्रीन रिकामी राहते, आणि बिघडलं तरच तो दाखवायचा.

जोडीला चेक=ट्रू देतात, म्हणजे कोड शून्य नसेल तर एक्सेप्शन येतं, पण त्यात एक खोच आहे. येणाऱ्या कॉल्डप्रोसेसएररच्या संदेशात फक्त कमांड आणि तिचा एग्झिट कोड असतो. पकडलेला मजकूर त्या एक्सेप्शनच्या स्टडआउट आणि स्टडएरर या ॲट्रिब्यूटांत पडून असतो, ट्रेसबॅकमध्ये छापला जात नाही. लॉगमध्ये ‘नॉन-झीरो एग्झिट स्टेटस १’ एवढंच दिसतं आणि माणूस हताश होतो. तेव्हा एक्सेप्शन पकडा, मजकुराच्या शेवटच्या वीसेक ओळी काढा आणि ॲड_नोटने त्यालाच चिकटवून पुन्हा रेझ करा. ॲड_नोट ३.११ पासून आहे. त्याआधीच्या पायथनवर त्या ओळी घालून नवीन रनटाइमएरर उचला. टेकच्या बाबतीत उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ आणि तिच्याखालच्या चार-पाच ओळी पुरतात. आजार तिथेच लिहिलेला असतो.

टेकचा एक बिघाड मात्र एग्झिट कोडमध्ये येतच नाही. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतील तर झीलाटेकला ती चूक वाटत नाही. कोड ० येतो, पीडीएफ तयार होते आणि ग्राहकाच्या नावाच्या जागी कोरा कागद किंवा चौकोन. .लॉग फाइलीत ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशा ओळी असतात, तेवढाच पुरावा. बडबड चालू असताना निदान कुणाच्या तरी नजरेला संशय आला असता. गप्प केल्यावर ती शक्यताही गेली. म्हणून आउटपुट बंद करणाऱ्या फंक्शनने .लॉग उघडून हे दोन शब्द शोधलेच पाहिजेत आणि सापडले तर पावती नाकारली पाहिजे. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असा एखादा ‘यशस्वी’ बिघाड असतो. तो कोणता, हे शांत करण्याआधी शोधून ठेवा.

पकडलेला मजकूर डीफॉल्टने बाइट्स असतो. टेक्स्ट=ट्रू दिलं की तो सिस्टिमच्या एन्कोडिंगने उलगडला जातो, आणि विंडोजवर ते बहुधा यूटीएफ-८ नसतं. फाइलीचं नाव ‘पावती’ असं देवनागरीत असेल तर युनिकोडडीकोडएरर येऊ शकते किंवा कचरा अक्षरं दिसतात. टेक्स्टच्या ऐवजी एन्कोडिंग=“यूटीएफ-८” आणि एरर्स=“रिप्लेस” द्या. निदानाचा मजकूर वाचताना मूळ काम कोसळलं, ही वेळ कधीच येऊ नये.

आउटपुट शेकडो एमबी होणार असेल तर कॅप्चर_आउटपुट टाळा, कारण ते सगळं मेमरीत धरतं. त्याऐवजी टेम्पफाइल.टेम्पररीफाइल उघडून तीच स्टडआउटला द्या आणि स्टडएररला कॅपिटल अक्षरांतला सबप्रोसेस.स्टडआउट द्या, म्हणजे दोन्ही मार्ग एकाच फाइलीत, लिहिले गेले त्या क्रमाने येतात. काम बिघडलं तर फाइलीचा शेवट वाचायचा. फाइल बंद होताच ती आपोआप पुसली जाते.

पाइपने गळा आवळला जातो तेव्हा

काही जण डेव्हनलऐवजी स्टडआउट=पाइप देतात आणि तो पाइप कधी वाचतच नाहीत. छोट्या फाइलीवर हे चालतं, मोठ्या फाइलीवर प्रोग्रॅम लटकतो. कारण असं: पाइप म्हणजे ठरावीक मापाची टाकी, लिनक्सवर साधारण ६४ केबीची. चाइल्ड लिहीत राहते, टाकी भरते, मग कोणीतरी वाचेपर्यंत लिहिणं थांबतं. तिकडे आपण पीओपनवर (रनच्या मागचा मूळ क्लास) वेट करतोय, म्हणजे ती संपायची वाट बघतोय. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले. चाचणीत पास आणि खऱ्या डेटावर लटकणं, असं लक्षण दिसलं की आधी वेट आणि पाइप ही जोडी शोधा. वाचायचं असेल तर कम्युनिकेट, वाचायचं नसेल तर डेव्हनल. सबप्रोसेस.कॉल आणि चेक_कॉललाही पाइप देऊ नका, तिथे हाच सापळा आहे.

पाइपचा आणखी एक त्रास. चाइल्डने मागे एखादं बॅकग्राउंड काम सोडलं आणि स्वतः संपली, तरी त्या नातवाकडे पाइपचं लिहायचं टोक उघडं राहतं. रन वाचत असतं ‘शेवट’ येईपर्यंत, आणि नातू जिवंत असेपर्यंत शेवट येत नाही. सर्व्हर किंवा डेमन सुरू करणाऱ्या कमांडला म्हणूनच डेव्हनल किंवा फाइल द्यावी, कॅप्चर_आउटपुट नव्हे.

कॉल दुसऱ्याच्या लायब्ररीत दडलेला असेल तर

खरी कसोटी इथे. लायब्ररीचं फंक्शन आतून ओएस.सिस्टिम किंवा सबप्रोसेस.कॉल करतं आणि स्टडआउट द्यायला आपल्याला जागाच ठेवलेली नाही. आधी त्या फंक्शनची सही, म्हणजे त्याच्या आर्ग्युमेंटांची यादी, वाचा. क्वाएट, व्हर्बोज, लॉग अशा नावाचं आर्ग्युमेंट असेल तर पुढचं सगळं टळलं.

नसेल तर आपल्याच प्रोसेसचा १ आणि २ काही वेळापुरता दुसरीकडे वळवायचा. चाइल्ड वारशाने वळवलेलाच डिस्क्रिप्टर घेईल. काँटेक्स्टमॅनेजर डेकोरेटर लावलेल्या जनरेटर फंक्शनमध्ये हा क्रम लिहा:

१. सिस.स्टडआउट आणि सिस.स्टडएरर दोन्ही फ्लश करा. बफरमध्ये अडकलेला आधीचा मजकूर आत्ताच बाहेर गेला नाही तर तो नंतर डेव्हनलला जाईल.
२. ओएस.डप(१) आणि ओएस.डप(२) करून मूळ मार्गांच्या प्रती जपून ठेवा.
३. ओएस.ओपनने ओएस.डेव्हनल हा पत्ता फक्त लिहिण्यासाठी उघडा.
४. ओएस.डप२ने तो उघडलेला डिस्क्रिप्टर १ वर आणि मग २ वर बसवा.
५. ट्राय लिहा आणि त्यात यील्ड करा. लायब्ररीचं फंक्शन या वेळात चालेल.
६. फायनली सुरू करा. आत सर्वांत आधी पुन्हा दोन्ही फ्लश.
७. जपलेल्या प्रती डप२ने १ आणि २ वर परत बसवा.
८. दोन प्रती आणि डेव्हनलचा डिस्क्रिप्टर, असे तिन्ही ओएस.क्लोजने बंद करा.

सहावी पायरी विसरली तर ब्लॉकच्या आत पायथनने छापलेला मजकूर बफरमध्ये तसाच थांबतो आणि मूळ मार्ग परत आल्यावर स्क्रीनवर उतरतो. ‘बंद केलं होतं तरी उशिरा छापलं गेलं’ याचं कारण बहुतेक वेळा हेच. आठवी विसरली तर प्रत्येक कॉलमागे तीन डिस्क्रिप्टर गळतात. लिनक्सवर एका प्रोसेसला बहुधा १०२४ ची मर्यादा असते, म्हणजे साधारण ३४० व्या कॉलला ‘टू मेनी ओपन फाइल्स’. छोट्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

पायरी दोन आणि चारमध्ये सिस.स्टडआउट.फाइलनो न वापरता १ आणि २ हे आकडेच लिहा. नोटबुकमध्ये किंवा चाचणीच्या चौकटीत सिस.स्टडआउट बदललेला असतो, त्याला फाइलनो नसेलही. चाइल्ड मात्र कुठेही १ आणि २ च घेते. वारशाची चिंता नको: पायथन ३.४ पासून नवे डिस्क्रिप्टर चाइल्डकडे जात नाहीत, पण डप२ डीफॉल्टने वारसा चालू ठेवतं. म्हणजे वळवलेले १ आणि २ पोचतात आणि डपने जपलेल्या प्रती घरातच राहतात. आपल्याला नेमकं तेच हवं.

बडबड सबप्रोसेसची नसून त्याच पायथनमध्ये लोड झालेल्या सी लायब्ररीची असेल तर सीचा स्वतःचा बफरही असतो. लिनक्सवर सीटाइप्सने सीडीएलएल(नन) घेऊन त्याचं एफफ्लश ननसह बोलवा, पहिल्या आणि सहाव्या पायरीजवळ. सबप्रोसेससाठी याची गरज नाही.

या उपायाची किंमतही ओळखा. डिस्क्रिप्टर अख्ख्या प्रोसेसचे असतात, एका थ्रेडचे नव्हेत. हा ब्लॉक चालू असताना दुसऱ्या थ्रेडने लिहिलेली लॉगची ओळही डेव्हनलला जाते. दोन थ्रेड एकाच वेळी या ब्लॉकमध्ये शिरले तर एक जण दुसऱ्याचा वळवलेला मार्गच ‘मूळ’ म्हणून जपतो आणि शेवटी टर्मिनल कायमचं मुकं होतं. वेब सर्व्हरमध्ये हे वापरूच नका.

थ्रेड असतील तिथे ते बोलकं फंक्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. काँकरंट.फ्युचर्समधल्या प्रोसेसपूलएक्झिक्युटरला इनिशियलायझर देता येतो, ३.७ पासून. त्या इनिशियलायझरमध्ये पायरी तीन आणि चार एवढंच करायचं. कामगार प्रोसेस जन्मभर मुकी राहते, निकाल आणि एक्सेप्शन फ्युचरमधून नेहमीसारखे परत येतात. वळवणं कामगाराच्या आतच करा, पालकात नको. लिनक्सवर पायथन ३.१४ पासून मल्टिप्रोसेसिंगची डीफॉल्ट पद्धत फोर्कसर्व्हर आहे. कामगार प्रोसेसना जन्म देणारा तो सर्व्हर एकदाच जन्मतो आणि त्या वेळचे १ आणि २ धरून बसतो, त्यामुळे पालकात नंतर केलेलं डप२ त्याच्या मुलांपर्यंत पोचत नाही.

सबप्रोसेस.पीओपनलाच पॅच करण्याचा मार्गही आहे. पीओपनचा सबक्लास करायचा आणि त्यात केडब्ल्यूआर्ग्सवर सेटडीफॉल्टने स्टडआउट डेव्हनल ठेवायचा. सेटडीफॉल्टच, सरळ नेमणूक नाही, नाहीतर लायब्ररीला स्वतः वाचायला हवा असलेला पाइपही तोडला जाईल. हे नाजूक काम आहे. लायब्ररीने आधीच ‘फ्रॉम सबप्रोसेस इम्पोर्ट पीओपन’ केलं असेल तर पॅच लागत नाही, आणि ओएस.सिस्टिमला तर नाहीच. चाचण्यांपुरतं ठीक, खऱ्या कामात टाळावं.

शेलमधून चालवताना

ओएस.सिस्टिमला स्टडआउट देता येत नाही, वळवणं कमांडच्या मजकुरातच लिहावं लागतं. तिथे क्रम महत्त्वाचा. > /डेव्ह/नल 2>&1 असं लिहिलं की दोन्ही बंद. उलटं, 2>&1 > /डेव्ह/नल लिहिलं तर २ आधी टर्मिनलला जोडला जातो आणि तिथेच राहतो, कारण शेल डावीकडून उजवीकडे वाचतं.

&> ही छोटी खूण बॅश या शेलची आहे. शेल=ट्रू मात्र /बिन/एसएच चालवतं, आणि डेबियन-उबुंटूवर तो डॅश असतो. डॅश त्या & चा अर्थ ‘बॅकग्राउंडला टाक’ असा घेतो. परिणाम भयंकर: आउटपुट बंद होत नाही, कमांड मागे चालू राहते आणि पायथनला तत्क्षणी ० परत मिळतो. पुढची ओळ अजून तयार न झालेली पीडीएफ उघडायला जाते. शक्य तिथे शेल सोडून यादीच्या रूपात रन वापरा.

एवढं करूनही काही दिसत असेल तर

एसएसएच, सुडू आणि गिट पासवर्ड विचारतात तेव्हा ते १ किंवा २ वर अवलंबून राहत नाहीत, थेट /डेव्ह/टीटीवाय, म्हणजे खुद्द टर्मिनल, उघडतात. डेव्हनल तिथे निरुपयोगी. एसएसएचला -ओ बॅचमोड=येस, सुडूला -एन, गिटला एन्व्हायर्नमेंटमध्ये गिट_टर्मिनल_प्रॉम्प्ट=० द्या. मग ते विचारण्याऐवजी सरळ नापास होतात, आणि आपोआप चालणाऱ्या कामात तेच हवं. सरसकट उपाय म्हणजे स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू: चाइल्डला नवं सेशन मिळतं, त्याला टर्मिनलच नसतं. मात्र मग कंट्रोल-सी तिच्यापर्यंत पोचत नाही. पीओपन वापरत असाल तर तिला मारायची जबाबदारी आपली.

विंडोजवर खिडकीवाल्या ॲप्लिकेशनमधून कमांड चालवली की काळी कन्सोल खिडकी लुकलुकून जाते. ते आउटपुट नव्हे, त्यामुळे डेव्हनलने थांबत नाही. क्रिएशनफ्लॅग्जला सबप्रोसेस.क्रिएट_नो_विंडो द्या, ३.७ पासून आहे.

असिंकआयओमध्ये क्रिएट_सबप्रोसेस_एक्झेकला स्टडइन, स्टडआउट आणि स्टडएरर ही आर्ग्युमेंटं तशीच चालतात; कॅप्चर_आउटपुट, चेक, टेक्स्ट आणि एन्कोडिंग मात्र चालत नाहीत.

फंक्शन खरंच गप्प झालं का, हे डोळ्यांनी बघून ठरवू नका, पायटेस्ट या चाचणीच्या चौकटीत दोन चाचण्या लिहा. त्यासाठी कॅपएफडी हे फिक्श्चर घ्या, कॅपसिस नको: कॅपसिस फक्त सिस.स्टडआउट आणि सिस.स्टडएरर बघतं, कॅपएफडी डिस्क्रिप्टर बघतं. पहिल्या चाचणीत चांगली टेक फाइल द्या आणि रीडआउटएररमधून आलेले दोन्ही मजकूर रिकामे आहेत याची खात्री करा. दुसऱ्या चाचणीत मुद्दाम एक न ठरवलेली टेक कमांड घातलेली फाइल द्या, आणि उठलेल्या एक्सेप्शनमध्ये, ॲड_नोट वापरलं असेल तर त्याच्या नोट्समध्ये, उद्गारचिन्हाने सुरू होणारी ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स’ ही ओळ आहे की नाही ते तपासा.